साठवलेल्या रक्ताची साक्ष

१९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीतून रोज सकाळी काही माणसे बादल्या आणि फावडी घेऊन शेजारच्या सिंदी गावाकडे निघत. त्यात महादेवभाई देसाई असत, मीराबेन असत, कधी स्वतः गांधीजीही असत. गावाच्या वाटेवर दुतर्फा पडलेला मैला उचलायचा, खड्ड्यात टाकायचा आणि वर माती लोटायची, हा त्यांचा नेम. गावकरी उभे राहून बघत. मदतीला फारसे कोणी येत नसे आणि साफ केलेली वाट दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच सापडे. तरी ही मंडळी महिनोन्महिने जात राहिली. पुढे मीराबेन सिंदीतच राहायला गेल्या, तिथून सेगावला. आणि ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजीही त्याच सेगावात आले, ज्याचे पुढे सेवाग्राम झाले.

मैला पाण्यात मिसळला की पटकी येते, विषमज्वर येतो, हे या माणसांना ठाऊक होते. त्याच मैल्यातून कावीळही येते हे मात्र तेव्हा वैद्यकालाही पक्के सांगता येत नव्हते. साथ पसरते, छावण्यांमध्ये विशेष पसरते, एवढे दिसत होते. पण कितीतरी डॉक्टर अजून एकोणिसाव्या शतकातले स्पष्टीकरण देत: आतड्याच्या तोंडाशी श्लेष्मा साचतो, पित्ताची नळी तुंबते, म्हणून डोळे पिवळे होतात. दुसऱ्या महायुद्धाने हा समज मोडला. १९४२ मध्ये अमेरिकी सैनिकांना पीतज्वराची लस टोचली गेली. त्या लसीत माणसाचे रक्तद्रव मिसळलेले होते, आणि जवळपास पन्नास हजार सैनिकांना कावीळ झाली. एक कावीळ रक्तातून जाते आणि दुसरी तोंडावाटे, हे मग मान्य करावेच लागले. १९४७ मध्ये ब्रिटिश डॉक्टर मॅक्कलम यांनी त्यांना दोन नावे सुचवली: तोंडावाटे जाणारी 'ए' आणि रक्तातून जाणारी 'बी'. विषाणू मात्र दोन्हींचे कोणी पाहिलेले नव्हते.

या काळात सेवाग्रामात एक तरुण डॉक्टर काम करत होती. सुशीला नय्यर १९३९ मध्ये इथे आल्या आणि पाठोपाठ पटकीची साथ आली. ती त्यांनी जवळपास एकहाती हाताळली. १९४४ मध्ये त्यांनी लहानसा दवाखाना सुरू केला. आश्रमात गर्दी मावेना तेव्हा तो बिर्लांच्या अतिथिगृहात हलवला, आणि १९४५ मध्ये त्याचेच कस्तुरबा रुग्णालय झाले. ते सुरू झाले बायका आणि मुले यांच्यासाठी. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण ज्या विषाणूची ही हकीकत आहे तो सर्वांत क्रूर वागतो तो गरोदर बायकांशी. सुशीलाबेन पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आल्या. १९५२ ते १९५५ त्या दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री होत्या, आणि मग तिथल्या विधानसभेच्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस दिल्ली पिवळी पडली.

१९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेला पूर आला आणि ओसरताना तिने पात्र बदलले. वजिराबादला शहराचे पाणी उपसणारे केंद्र आहे. त्याच्या जवळच नजफगढचा नाला शहराची घाण घेऊन नदीला मिळतो. नोव्हेंबरात नदीचा प्रवाह उपसा केंद्रापासून दूर सरकला आणि नाल्याचे पाणी उलटे चढून उपशाच्या तोंडाशी आले. जलकेंद्रातल्या लोकांच्या हे ध्यानात आले होते. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवले. त्याचा उपयोगही झाला: शहरात ना पटकी उसळली, ना विषमज्वर. सर्वांना वाटले, संकट टळले.

डिसेंबर उजाडला आणि दवाखान्यांत पिवळ्या डोळ्यांची माणसे येऊ लागली. आधी दहा-वीस, मग शेकड्यांनी. जानेवारीच्या मध्यापर्यंत साथ ओसरली, तेव्हा कावीळ झालेल्यांचा अंदाज २९,३०० वर गेला होता. वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. आर. विश्वनाथन यांनी या साथीचा अभ्यास केला. रुग्णालयातल्या नोंदींवर ते थांबले नाहीत. नमुना पद्धतीने घरे निवडून घरोघर पाहणी झाली, कोणत्या भागाला कुठले पाणी जाते ते तपासले गेले. घाण पाणी नळाला आले तेव्हापासून डोळे पिवळे होईपर्यंत साधारण चाळीस दिवस लोटले होते. १९५७ मध्ये त्यांचा अहवाल भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या नियतकालिकातून आला. पाण्यातून पसरलेल्या काविळीचा इतका काटेकोर अभ्यास जगात क्वचितच झाला असेल. आपल्याकडच्या सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात या अहवालाला फार वरचे स्थान द्यायला हवे. तेवढे ते दिले गेलेले नाही, असे मला वाटते.

त्या अहवालात दोन गोष्टी खटकणाऱ्या होत्या. एक, क्लोरीनने जिवाणू मारले, पण हे जे काही होते ते त्यातून तरून गेले. पाण्यात मैला आणि गाळ असेल तर क्लोरीन त्यांच्यावरच खर्ची पडते, विषाणूसाठी पुरेसे उरत नाही, हे आज आपण जाणतो. दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. आजारी पडलेले बहुतेक १५ ते ४० वयाचे होते, लहान मुले कमी. आणि गरोदर बायका इतरांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात दगावल्या. तेव्हा निदान लिहिले गेले ते 'संसर्गजन्य कावीळ', म्हणजे ए. दुसरे लिहायला कागदावर नावच नव्हते. मात्र रुग्णांच्या रक्ताचे नमुने कोणीतरी जपून ठेवले.

पुढची पंचवीस वर्षे विज्ञान त्या नमुन्यांना गाठण्यासाठी धावत होते असे म्हणता येईल. अमेरिकेत बरुच ब्लुमबर्ग माणसामाणसांच्या रक्तातले आनुवंशिक फरक शोधत होते. त्यांना ऑस्ट्रेलियातल्या एका मूळ रहिवाशाच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडले. १९६५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले, आणि काही वर्षांत कळले की ते बी विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचे आहे. आज रक्तपेढीत 'एचबीएसएजी' म्हणून जी तपासणी होते ती याचीच. १९७३ मध्ये फाइनस्टोन, कपिकियन आणि परसेल यांनी रुग्णाच्या विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ए विषाणू पाहिला. दशक संपेपर्यंत त्याच्या प्रतिपिंडांच्या चाचण्या हाती आल्या.

या चाचण्यांचे मर्म समजले तर पुढची हकीकत समजेल. नवा विषाणू शरीरात शिरला की आधी 'आयजीएम' जातीची प्रतिपिंडे तयार होतात आणि काही महिन्यांत ओसरतात. 'आयजीजी' जातीची मागून येतात आणि वर्षानुवर्षे राहतात, जुन्या फेरफाराची नोंद सातबाऱ्यावर राहावी तशी. रक्तात ए ची आयजीजी सापडली तर एवढेच कळते की हा माणूस कधीतरी, बहुधा लहानपणी, या विषाणूला भेटला आहे. आयजीएम सापडली तर आजचा आजार त्याचा. डोळे पिवळे आहेत, बिलिरुबिन वाढले आहे, एसजीपीटी हजारावर गेले आहे, यावरून यकृताला मार बसला हे कळते; कोणी मारले ते कळत नाही.

पुण्यात १९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी व्हायरस रिसर्च सेंटर सुरू केले होते. १९७८ मध्ये त्याची राष्ट्रीय विषाणू संस्था झाली आणि डॉ. खोर्शेद पावरी संचालक झाल्या. त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. संस्थेतले एम. ए. श्रीनिवासन काविळीच्या साथींमागे होते. १९७५-७६ मध्ये अहमदाबादेत मोठी साथ आली तेव्हा त्यांच्या गटाने तिचा अभ्यास केला होता. आता नव्या चाचण्या घेऊन पुण्याचे हे संशोधक आणि अमेरिकेतले वाँग व परसेल यांनी तीन ठिकाणची रक्ते एकत्र तपासायला घेतली: दिल्ली १९५५-५६, अहमदाबाद १९७५-७६ आणि पुण्यातले १९७८-७९ चे सुटे रुग्ण.

ए ची आयजीजी जवळपास सर्वांत होती. ती असणारच, त्या काळात भारतातली बहुतेक मुले शाळेत जाण्याआधीच ए ला भेटून मोकळी झालेली असत, पुष्कळदा काही लक्षणही न दाखवता. पण ताज्या आजाराची आयजीएम नव्हती. बी ची खूणही साथीला पुरेल इतकी नव्हती. म्हणजे दिल्लीत माणसे आजारी पडली ती ए ने नाही आणि बी नेही नाही. पाण्यातून येणारा, तरुणांना गाठणारा तिसराच विषाणू होता आणि तो पंचवीस वर्षांपूर्वीही इथेच होता. १९८० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झाले. साथीच्या गडबडीत ज्या हातांनी त्या कुप्यांवर नाव, तारीख आणि आजाराचा दिवस लिहिला, त्यांच्याविषयी मला या हकीकतीत सर्वांत जास्त आदर वाटतो. चाचणी अस्तित्वात नसताना त्यांनी तिच्यासाठी नमुना ठेवला.

त्याच वर्षी काश्मीरमधून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांचा निबंध आला. १९७८ च्या हिवाळ्यात तिथल्या खेड्यांमध्ये काविळीची भयंकर साथ आली होती, आणि गरोदर बायकांचे मृत्यू पाहून खुरू स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले होते. मात्र विषाणू अजून कोणाच्या नजरेस पडला नव्हता. तो दाखवला मिखाईल बालायन या सोव्हिएत शास्त्रज्ञाने. अफगाणिस्तानात गेलेल्या सोव्हिएत सैनिकांना कावीळ झाली होती. बालायन यांना ए पूर्वीच होऊन गेलेला होता. त्यांनी त्या सैनिकांच्या विष्ठेचा गाळलेला अर्क स्वतः प्यायला, आजारी पडले, आणि स्वतःच्या विष्ठेत सूक्ष्मदर्शकाखाली गोल कण पाहिले. १९८३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. असा प्रयोग आज कोणतीही नीतिसमिती मंजूर करणार नाही, करूही नये; पण त्या धाडसाचे मोल नाकारता येत नाही.

महाराष्ट्रात १९८१ मध्ये कोल्हापूर शहरात पाण्यातून साथ आली. पुण्याच्या संस्थेने लोकांचे रक्त तपासून तिचा अभ्यास केला आणि १९८४ मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्या अरणकल्ले या त्याच संस्थेतल्या. १९८८ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्या विषाणूसारख्या कणांचा या आजाराशी असलेला संबंध मांडला. १९९० मध्ये अमेरिकेत रेयेस यांच्या गटाने विषाणूची जनुके वेगळी केली आणि त्याचे नाव 'ई' म्हणून पक्के झाले. मग चाचणी आली, आणि चाचणी आल्यावर जुन्या साथींची शीतकपाटे पुन्हा उघडली गेली. पुण्यातल्या लोकांचे १९८२ आणि १९९२ चे रक्त शेजारी ठेवून अरणकल्ले यांनी एक फार बोलके चित्र दाखवले: ए ची प्रतिपिंडे लहान मुलांतच भरून असतात, ई ची मात्र मुलांत कमी आणि तरुण वयात चढत जातात. दोन्ही विषाणू त्याच मैल्यातून आणि त्याच पाण्यातून येतात, तरी असे का, याचे पूर्ण उत्तर अजूनही मिळालेले नाही.

आता पुन्हा वर्ध्याकडे. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, सुशीलाबेनांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. देशाला खेड्यातले वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. इथे येणारा काविळीचा रुग्ण बहुधा आधी दुसरीकडे जाऊन आलेला असे, आणि आजही असतो. कोणी गळ्यात माळ घातलेली असते, कोणी नाकात कडू रस पिळून घेतलेला असतो, कोणाचे हात चुन्याच्या पाण्यात धुऊन पाणी पिवळे झालेले असते. माळ वाढत जाते कारण तिच्यातल्या काड्या सुकतात आणि गाठी सैल होतात. पाणी पिवळे होते कारण हाताला आधीच झाडाची साल चोळलेली असते. लोकांचा विश्वास बसतो त्याला मात्र कारण आहे. ए आणि ई बहुतेकांच्या शरीरातून चार-सहा आठवड्यांत आपोआप जातात, आणि श्रेय माळेला मिळते. कावीळ उतरवायला जाणाऱ्याला मूर्ख म्हणणारे लोक मला पटत नाहीत. दवाखाना दूर होता, पैसे नव्हते, आणि माळवाला शेजारच्या गावात होता.

दवाखाना जवळ आणण्याचा एक प्रयत्न सेवाग्रामातच झाला. १९८० च्या आसपास डॉ. उल्हास जाजू आणि सहकाऱ्यांनी भोवतालच्या गावांत ज्वारीचा विमा सुरू केला. पीक घरात आले की प्रत्येक कुटुंबाने ऐपतीप्रमाणे ज्वारी गावाच्या निधीत घालायची, आणि मग अचानक आलेल्या आजारात सेवाग्रामला उपचाराचा भार रुग्णावर पडायचा नाही. पैशाऐवजी ज्वारी घेतली, कारण सुगीनंतर शेतकऱ्याच्या घरात असते ती ज्वारी. निदान वेळेवर व्हायचे तर यंत्राच्या आधी ही व्यवस्था लागते, हे त्या डॉक्टरांनी ओळखले होते.

आणि डॉक्टरांचे हात कितपत खरे सांगतात? रजनीश जोशी, एस. पी. कलंत्री आणि सहकाऱ्यांनी सेवाग्रामच्या रुग्णांवर हेच तपासून २००४ मध्ये प्रसिद्ध केले. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून, बोटांनी ठोकून यकृत वाढले की नाही ते सांगायचे आणि मग सोनोग्राफीशी ते ताडून पाहायचे. हात पुष्कळदा चुकले आणि डॉक्टरांचे एकमेकांतही पटेना. आपल्याच कौशल्याची अशी उघड परीक्षा घेणे सोपे नसते. एका खेड्यातल्या रुग्णालयाने ती घेतली आणि छापली, याचा वर्धेकरांना अभिमान वाटायला हवा.

बी आणि पुढे सापडलेला सी, या विषाणूंची वाट वेगळी आहे. ते पाण्यातून येत नाहीत. रक्त, सुई, शरीरसंबंध आणि बी च्या बाबतीत विशेषतः बाळंतपण, हे त्यांचे रस्ते. ते मुक्काम ठोकतात, वर्षानुवर्षे गप्प राहतात, आणि मग यकृत कठीण होते किंवा कर्करोग होतो. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा येथे वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने बी ची साथ आली आणि कित्येक माणसे गेली. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या अनेकांना रक्त द्यावे लागते, म्हणून इथे रक्तपेढीची तपासणी फार मोलाची. सी विषाणू १९८९ मध्ये सापडला. दिलेल्या रक्तात त्याची तपासणी भारतात २००१ पासून सक्तीची आहे. सी च्या निदानात दोन पायऱ्या आहेत. प्रतिपिंड सापडले तर विषाणूशी गाठ पडली होती एवढे कळते. तो आज रक्तात आहे की नाही हे आरएनए मोजूनच ठरते. असला तर बहुतेकांना साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी तो पूर्ण जातो. बी जात नाही, पण गोळ्यांनी दाबून ठेवता येतो, आणि बाळाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लस दिली तर आईकडून त्याच्याकडे जाणे बहुतांशी टळते. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी ची तपासणी व उपचार सरकारी केंद्रांत मोफत आहेत. हे अजून फार थोड्या लोकांना माहीत आहे.

ई ला मात्र आपल्या राष्ट्रीय लसीकरणात लस नाही. चीनने २०११ मध्ये एक मंजूर केली. आपल्याकडे बचाव आहे तो पाण्याचा आणि वेळेवर निदानाचा. आर्वी असो की हिंगणघाट, एका वस्तीत आठवड्याभरात तीन-चार तरुणांचे डोळे पिवळे झाले तर ती साथ समजावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी कळवावे, पाणी उकळून प्यावे, आणि कुठल्या विहिरीचे किंवा कुठल्या नळाचे पाणी ते सर्व पीत होते हे लिहून द्यावे. लघवी गर्द पिवळी होते आणि भूक मरते तेव्हाच रक्त तपासायला द्यावे, कारण आयजीएम त्या दिवसांत सापडते आणि पुढे हातून निसटते.

आणि घरातली सून किंवा लेक गरोदर असेल, सातवा-आठवा महिना असेल आणि डोळे पिवळे दिसले, तर माळेसाठी एक दिवसही थांबू नका. शेवटच्या तीन महिन्यांत ई झालेल्या बायकांमध्ये शंभरातल्या वीस ते पंचवीसपर्यंत दगावू शकतात. तिला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या, आणि ई ची आयजीएम तपासा असे डॉक्टरांना स्वतःहून सांगा.